जुलाब थांबले, मग पोट अजून का बिघडतं?

एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय पोटाचा, म्हणजे थेट संडासाचा आहे. जेवता जेवता ऐकत असाल तर पॉज करा, ताट संपवा आणि मग या.

आपल्या नाकाडोंगरीकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. नाव न घेता सांगायला त्याची हरकत नाही. वय २३, पोलीस भरतीची तयारी करतोय. मागच्या पावसाळ्यात त्याला चार दिवस जोरदार जुलाब झाले. ताप, मुरडा, शेवटी सलाईन. आठवड्याभरात बरा झाला. पण त्यानंतर दहा महिने झाले तरी पोट पूर्वीसारखं नाही. सकाळी ग्राउंडवर जायच्या आधी तीन वेळा जावं लागतं आणि तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. १६०० मीटर धावताना मध्येच मुरडा येतो. तुमसरला जायचं तर तो उपाशी निघतो, कारण एसटी वाटेत थांबणार नाही. रक्त तपासलं, शौच तपासलं, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. घरचे म्हणतात, टेन्शन घेतोस म्हणून होतं. आजी रोज विचारते, "काहून गा, अजून पोट ठीक नाही झालं का?"

आणि त्याचा प्रश्न असा: "भाऊ, रिपोर्ट नॉर्मल आहेत तर मला जे होतंय ते नेमकं काय आहे?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि त्याला उत्तर आहे. त्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो. मी बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे आज मी कुणाचं निदान करणार नाही. जे नीट अभ्यासलं गेलंय ते सोपं करून सांगणार आहे, म्हणजे डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय बोलायचं, काय विचारायचं ते कळेल.

याला नाव आहे

जंतुसंसर्गाने जुलाब होतात, जंतू निघून जातात, पण पोटदुखी, मुरडा, वारंवार संडास, गॅस, फुगणं हे महिनोनमहिने चालू राहतं. वैद्यकात याला पोस्ट-इन्फेक्शिअस आयबीएस म्हणतात. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्याची रचना ठीक दिसते, पण त्याचं वागणं बिघडलेलं असतं.

डॉक्टर हे ठरवतात कसं? रोम निकष नावाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांची चौथी आवृत्ती २०१६ मध्ये आली. थोडक्यात सांगायचं तर गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखतं, आणि त्या दुखण्याचा संबंध संडासला जाण्याशी, किती वेळा जावं लागतं याच्याशी किंवा शौच पातळ-घट्ट होण्याशी असतो. यातल्या दोन गोष्टी तरी जुळाव्या लागतात, आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असावे लागतात.

हे काही नवं फॅड नाही. १९६२ मध्ये ऑक्सफर्डच्या चौधरी आणि ट्रूलव्ह या डॉक्टरांनी आयबीएसच्या १३० रुग्णांची माहिती छापली. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाचा त्रास हगवणीच्या एका झटक्यानंतर सुरू झाला होता. म्हणजे साठ वर्षांपूर्वीपासून डॉक्टरांना हे दिसतंय.

किती जणांना होतं? २०१७ मध्ये ४५ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला, एकूण माणसं २१ हजारांहून जास्त. पोटाचा संसर्ग झालेल्यांपैकी वर्षभरात साधारण दहातल्या एकाला आयबीएस होतो. संसर्ग न झालेल्यांच्या तुलनेत धोका चौपट. विषाणूमुळे जुलाब झाले असतील तर प्रमाण कमी, बॅक्टेरियामुळे झाले असतील तर जास्त, आणि जिआर्डियासारख्या परजीवीनंतर सगळ्यात जास्त. जुलाब जितके तीव्र आणि जितके जास्त दिवस, तितका धोका वाढतो. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतो.

आता आपल्याकडे पावसाळ्यात किती लोकांचं पोट जातं ते आठवा, आणि दहातला एक काढा.

एक गाव, आठ वर्षं

या आजाराबद्दल सगळ्यात चांगली माहिती एका छोट्या गावातून आली. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं गाव आहे, वस्ती पाच हजारांच्या आसपास. मे २००० मध्ये तिथं जोरदार पाऊस झाला. शेतातलं गुरांचं शेण पाण्याबरोबर गावाला पाणी पुरवणाऱ्या एका विहिरीत उतरलं. पाण्यात पुरेसं क्लोरीन नव्हतं. ई. कोलायची एक घातक जात आणि कॅम्पिलोबॅक्टर असे दोन बॅक्टेरिया नळातून घराघरांत पोचले. २,३०० हून जास्त लोक आजारी पडले, सात जण दगावले.

गोष्ट ओळखीची वाटते ना? पाऊस, शेण, विहीर, क्लोरीन. कॅनडा काढा आणि आपल्या तालुक्यातलं कुठलंही गाव टाका.

फरक इतकाच की तिथं संशोधक नंतरही त्या लोकांकडे जात राहिले. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर साथीत आजारी पडलेल्यांपैकी ३६ टक्के लोकांना आयबीएसची लक्षणं होती. त्याच गावात जे आजारी पडले नव्हते त्यांच्यात १० टक्के. गाव एक, पाण्याची धास्ती सगळ्यांना सारखीच. तरी फरक साडेतीन पटीचा. नुसत्या टेन्शनने हा फरक पडत नाही.

आता चांगली बातमी. आठ वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. जे लोक पुन्हा आले, त्यांच्यातलं आयबीएसचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे बऱ्याच जणांचं पोट हळूहळू सुधारलं. पण आजारी न पडलेल्यांमध्ये तेव्हा ५ टक्केच होतं. काहींची गाडी लवकर रुळावर येते, काहींना वर्षं लागतात.

हाच बॅक्टेरिया पुण्यात

कॅम्पिलोबॅक्टर हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात गियां-बारे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची साथ आली. लोकांच्या हातापायांतली ताकद जायला लागली, काही व्हेंटिलेटरवर गेले. रुग्ण दोनशेच्या वर पोचले. अनेकांना त्याआधी जुलाब झाले होते. नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले गेले आणि काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय सापडला. संशय पाण्यावर गेला.

यातलं विज्ञान भारी आहे. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाहेरच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जंतूविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि त्या चुकून स्वतःच्याच नसांवर जातात. जंतू निघून गेलेला असतो, पण त्याने सुरू करून दिलेली भानगड चालू राहते. आयबीएसमध्येही असंच काही घडतं का, यावर अमेरिकेतल्या एका गटाने बरंच काम केलंय. या जंतूच्या विषाविरुद्धच्या अँटिबॉडी आतड्याची हालचाल सांभाळणाऱ्या एका प्रथिनालाही चिकटतात, असं त्यांचं म्हणणं आहे. यावर अजून वाद आहे.

जीबीएस फार क्वचित होतो, पण जिवावर बेततो, म्हणून बातमी होते. पोट बिघडलेलं राहणं कितीतरी जास्त लोकांना होतं. त्याची बातमी होत नाही.

आत नेमकं काय बिघडतं?

आमच्या कामातलं उदाहरण देतो. सर्व्हरवर एकदा मोठा हल्ला झाला की टीम घाबरून अलर्टची मर्यादा खाली आणते. आधी हजार रिक्वेस्ट आल्या की अलार्म वाजायचा, आता शंभरलाच वाजतो. हल्ला संपतो, पण मर्यादा कुणी परत वर नेत नाही. मग साध्या ट्रॅफिकलाही रात्री तीनला फोन वाजतो. उठून बघितलं तर सर्व्हर ठीक, डिस्क ठीक, सगळं हिरवं. पण झोप तर खरंच मोडलेली असते.

आतड्यात साधारण हेच होतं. आणि हे मोजता येतं. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये एक प्रयोग झाला. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा ठेवून तो फुगवला. ६० मिलिलिटरवर निरोगी लोकांपैकी फक्त ६ टक्क्यांना दुखलं. आयबीएसवाल्यांपैकी ५५ टक्क्यांना. फुगा तोच, दुखणं वेगळं. सोनोग्राफीत किंवा एंडोस्कोपीत ही संवेदनशीलता दिसत नाही, कारण ती तपासणी आतड्याचा आकार आणि पृष्ठभाग बघते. नसा किती हळव्या झाल्यात ते तिला दिसत नाही. त्या श्रोत्याचे रिपोर्ट नॉर्मल आणि त्याचा मुरडा खरा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मर्यादा खाली येते कशी? काही गोष्टी बऱ्यापैकी कळल्या आहेत. आपल्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि आतड्याची हालचाल आणि संवेदना त्यावर चालते. संसर्गानंतर काही जणांच्या अस्तरात सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी वाढलेल्या सापडल्या. तिथं रोगप्रतिकार पेशीही नेहमीपेक्षा जास्त होत्या. ही सूज इतकी बारीक असते की साध्या डोळ्याला दिसत नाही. शिवाय पोटातल्या चांगल्या बॅक्टेरियांची वस्ती विस्कटते.

२०२१ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी एक दुवा दाखवला. त्यांनी उंदरांना आतड्याचा संसर्ग दिला आणि त्याच काळात अंड्यातलं एक प्रथिन खाऊ घातलं. संसर्ग बरा झाला. नंतर तेच प्रथिन पुन्हा दिलं तर उंदरांच्या आतड्यात दुखणं सुरू झालं. संसर्गाच्या गडबडीत शरीराने साध्या अन्नालाही शत्रूच्या यादीत टाकलं होतं, पण फक्त आतड्यापुरतं. म्हणून रक्ताच्या ॲलर्जी टेस्टमध्ये काही येत नाही. माणसांवर केलेला त्यांचा प्रयोग फार लहान होता, त्यामुळे त्यावरून लगेच गहू बंद, दूध बंद करू नका. पण ‘जेवलो की लगेच मुरडा’ ही तक्रार कल्पनेतली नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मग टेन्शनचं काय?

घरचे पूर्ण चूक नाहीत. संसर्गाच्या वेळी जे लोक आधीच चिंतेत किंवा मोठ्या ताणाखाली असतात त्यांना आयबीएस होण्याची शक्यता जास्त असते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मेंदू आणि आतडं यांच्यात नसांची दुहेरी लाईन आहे. भरतीच्या दिवशी धडधाकट माणसाचंही पोट ढवळतं. ज्याची अलार्मची मर्यादा आधीच खाली आलीय त्याचं जास्त ढवळतं. आणि उलटंही होतं. रोज संडास शोधत फिरणाऱ्या माणसाला चिंता लागणारच. डोंगरी बुजुर्गच्या खाणीत शिफ्टला जाणाऱ्याला विचारा, किंवा परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास बसणाऱ्या मुलीला.

पण ‘ताणाने वाढतं’ आणि ‘मनाचे खेळ आहेत’ यात फार अंतर आहे. दमाही ताणाने वाढतो. म्हणून कुणी दम्याला मनाचा खेळ म्हणत नाही.

इथं एक गैरसमज काढून टाकूया. डॉक्टर कधीकधी ॲमिट्रिप्टिलिन नावाची गोळी कमी मात्रेत देतात. नेटवर शोधलं की ‘डिप्रेशनची गोळी’ असं येतं आणि आपण म्हणतो, मला वेडा ठरवलं! तसं नाही. कमी मात्रेत ती आतड्याच्या नसांचा हळवेपणा कमी करते. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आयबीएसच्या ४६३ रुग्णांवर चाचणी झाली, त्यात खोट्या गोळीपेक्षा हिचा फायदा स्पष्ट दिसला. ती सुरू करायची, वाढवायची की थांबवायची, हे मात्र डॉक्टरच ठरवणार.

आयबीएस म्हणण्याआधी

हा भाग नीट ऐका. प्रत्येक लांबलेला जुलाब म्हणजे आयबीएस नव्हे. खालीलपैकी काहीही असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा: शौचातून रक्त, न प्रयत्न करता वजन कमी होणं, संध्याकाळी ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, हिमोग्लोबिन कमी, पहिल्यांदाच त्रास पन्नाशीच्या आसपास सुरू होणं, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर.

आपल्याकडे काही आजार आयबीएससारखे दिसतात. आतड्याचा टीबी. जिआर्डिया आणि अमिबा. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिॲक आजार. आणि ट्रॉपिकल स्प्रू, ज्यात संसर्गानंतर लहान आतडं अन्न शोषायचंच सोडून देतं. १९६० च्या दशकात तामिळनाडूत स्प्रूच्या साथी आल्या होत्या आणि वेल्लोरच्या सीएमसीने त्यांचा अभ्यास केला. यात वजन उतरतं, जीवनसत्त्वं कमी पडतात, आणि योग्य औषधाने तो बरा होतो. त्याला आयबीएस समजून बसलं तर माणूस उगाच झिजतो.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट, सिकलसेल. वारंवार पोटदुखी आणि रक्त कमी असेल आणि सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. साधी तपासणी आहे, सरकारी दवाखान्यात होते.

जुलाबानंतर काही आठवडे दूध न पचणं हेही सामान्य आहे. दूध पचवणारं एंझाइम आतड्याच्या अस्तरात असतं आणि ते अस्तर सोललेलं असतं. दोन आठवडे दूध बंद करून बघा. दही-ताक बहुतेकांना चालतं.

काय करता येतं?

पहिलं, परत परत अँटिबायोटिक घेऊ नका. पोट बिघडलं की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायची सवय आहे आपल्याला. जंतू तिथं नसतीलच तर गोळी मारणार कुणाला? उरलेले चांगले बॅक्टेरिया मात्र मरतात. संसर्गाच्या वेळी अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये आयबीएसचं प्रमाण जास्त दिसलंय. कदाचित त्यांचा आजारच मोठा असेल, पण विनाकारण घेण्याचा फायदा काहीच नाही. रिफॅक्सिमिन नावाचं एक अँटिबायोटिक जुलाबवाल्या आयबीएसमध्ये वापरतात, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने.

दुसरं, फोनमध्ये नोंद ठेवा. दोन आठवडे. काय खाल्लं, किती वाजता, पोट कधी दुखलं, शौच कसं होतं, झोप किती. शौचाचं वर्णन करायला ब्रिस्टल तक्ता आहे. एक म्हणजे लेंड्यांसारखं कडक, सात म्हणजे निव्वळ पाणी. आकडा लिहिला की झालं. डॉक्टरांना ही नोंद दाखवली तर पाच मिनिटांच्या भेटीतही मुद्द्याचं बोलणं होतं.

तिसरं, खाणं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने लो-फॉडमॅप नावाची पद्धत तयार केली. आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ काही आठवडे कमी करायचे आणि मग एकेक करून परत आणायचे. आपल्या ताटातले मुख्य संशयित म्हणजे कांदा, लसूण, गहू, डाळी-कडधान्यं, दूध, फुलकोबी, आंबा. हे ऐकून घाबरू नका. भंडारा धानाचा आणि तलावांचा जिल्हा आहे. भात, मासोळी, अंडी, बटाटा, वांगं, टमाटर यांवर बहुतेकांचं पोट शांत राहतं. सावजी रस्सा मात्र काही दिवस बाजूला, कारण तिखटातला दाह त्याच हळव्या नसांना चेतवतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर बग कुठं होता ते कधीच कळणार नाही. आणि सगळं कायमचं बंद करू नका, वजन उतरेल.

चौथं, इसबगोल. बद्धकोष्ठावरच चालतो असं वाटतं, पण तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पातळ शौचालाही आकार येतो. थोड्यापासून सुरुवात करा आणि भरपूर पाणी प्या. मुरड्यासाठी आणि जुलाबासाठी वेगवेगळी औषधं आहेत, ती डॉक्टर लक्षणं बघून देतात. नियमित चालणं-पळणं, झोप आणि गरज पडली तर समुपदेशन, यांचाही उपयोग होतो.

मुळात होऊच नये म्हणून

शेवटचा मुद्दा पाण्याचा. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत दूषित विहिरीच्या पाण्याने जुलाबाची साथ आली, माणसं गेली. साथ ओसरली की आपण मेलेल्यांचा आकडा मोजतो. वाचलेल्यांची पोटं पुढे कशी राहिली, हे कुणी मोजत नाही. वॉकर्टनने शिकवलं ते हेच की एका आठवड्याच्या घाण पाण्याची किंमत आठ वर्षं चुकवावी लागू शकते.

आपल्या हातात काय आहे? ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. पाण्यात टीसीएल पावडर टाकली का, हे त्याला विचारा. ओटी टेस्ट दोन मिनिटांत होते आणि पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गावाच्या पाण्याच्या सोयीची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला कुठलीही डिग्री लागत नाही. आणि जुलाब झालेच तर पहिल्या तासापासून ओआरएस.

आता डॉक्टरांकडे गेल्यावर काय बोलायचं ते सांगून थांबतो. बरेच जण नुसतं ‘गॅस होतो’ म्हणतात आणि जुन्या जुलाबांचा विषयच निघत नाही. त्याऐवजी असं सांगा: "अमुक महिन्यात मला ताप येऊन जुलाब झाले होते. त्याआधी पोट व्यवस्थित होतं. तेव्हापासून असं होतंय, ही माझी दोन आठवड्यांची नोंद. हे संसर्गानंतरचं आयबीएस असू शकतं का, आणि दुसरं काही नाही हे बघायला कुठली तपासणी करायची?"

तुमच्या ओळखीत कुणी जेवणाआधी संडास कुठंय ते विचारत असेल, तर हसू नका. हा एपिसोड पाठवा. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज करा, नाव सांगायची गरज नाही. भेटू पुढच्या आठवड्यात. पाणी उकळून प्या!